लांबची चिंधी

चाचाने आयुष्यात एकही गोल बघितला नाही, असं आमच्या पेठेत कुणीही शपथेवर सांगेल. ज्या माणसाने चाळीसएक वर्षं तालमीच्या फुटबॉल संघाला क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर उंच चेंडू, मारायला शिकवलं त्याच्याबद्दल हे बोललं जातं, म्हणून बाहेरच्यांना ती थट्टा वाटते. पण मी आठ-नऊ हंगाम उजव्या कडेने खेळलो आहे. मी वर जायचो तसा तोही रेषेबाहेरून, हातभर अंतर ठेवून, माझ्याबरोबर वर यायचा. मी मागे आलो की मागे. चेंडू माझ्या पायातून सुटला की तो तिथल्या तिथे पाठ फिरवायचा. चेंडू हवेत, अर्धं स्टेडियम उभं, आणि चाचा प्रेक्षकांकडे तोंड करून पायजम्याच्या खिशात सुपारी चाचपतोय.

"चाचा, गोल झाला की! बघा की इकडं!" वरून कुणीतरी ओरडायचं.

"कळालं," तो म्हणायचा. "बहिरा न्हाय मी."

कारण विचारलं तर दर वेळी वेगळं मिळायचं. कुणाला सांगितलं की डॉक्टरची मनाई आहे, कुणाला सांगितलं की दर्ग्यात कबूल केलंय. मला एकदा म्हणाला, "कपडा शिवला, इस्त्री केला, गिऱ्हाइकाच्या हातात दिला. आता त्यानं त्यो लगनात घालायचा का त्यानं सायकल पुसायची, हे बघत मी त्याच्या घरापतूर जातो व्हय? माझं काम तिथपतूर."

व्यवसायाने तो शिंपी होता. तालमीच्या समोर, गल्लीच्या तोंडाला त्याचं दुकान. आमच्याकडे तालीम म्हणजे आत कुस्तीचा लाल मातीचा हौद आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या फुटबॉलच्या बुटांच्या जोड्या. एकाच छपराखाली दोन्ही नांदतात. शाळांचे गणवेश शिवणं हा त्याचा धंदा, आणि तालमीच्या जर्सीवर आकडे शिवणं हा त्याचा मान. छापील आकडे आल्यावरही तो कापडाचे आकडे कापून, दुहेरी शिलाई मारून बसवायचा. नवीन खेळाडू आला की पहिलं माप चाचाकडे. टेप लावता लावता तो जागाही ठरवून टाकायचा. "ह्याची मांडी बघा. ह्यो बॅक, बचावाला." माझ्या वेळी त्याने टेप परत गळ्यात टाकला. "पाय बारीक, मान लांब. ह्यो पुस्तकातला हाय. कडंला घाला ह्याला, गर्दीत मरंल."

त्याला स्वस्थ बसता यायचं नाही. मशीनवर कापड नसलं तरी पाय पायट्यावर चालूच. चहाचा ग्लास तो कधी हातात द्यायचा नाही. फळीवरून सरकवायचा, तुम्ही जिथे उभे आहात तिथे नव्हे, तर दोन पावलं पुढे, रिकाम्या जागी. तुम्ही पुढे होऊन उचलायचा. पावणे मंडळी बघत राहायची आणि ग्लास खाली फुटायचा. "आलं न्हाईत पावणं," तो खेदाने म्हणायचा आणि दुसरा चहा सांगायचा. एसटीच्या थांब्यावर तो कधी थांबला नाही. गाडीची वेळ धरून घरातून निघायचा आणि तो आणि गाडी एकाच क्षणी थांब्यावर पोहोचायची. गाडी चुकली तर चूक गाडीची. "थांबलेल्या माणसाला काय गंमत हाय?" असं त्याचं म्हणणं.

त्याला जाऊन आता महिना होत आला. या महिन्यात मीही एका जागी बसलेलो नाही. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. बसणं हाच माझा धंदा. पण टेबलावरून उठतो, कपाटांमधून चालत खिडकीपर्यंत जातो, परत येतो. एखादं पुस्तक काढतो, ते कशासाठी काढलं हे विसरतो आणि चुकीच्या जागी ठेवतो. तालमीने रविवारी शोकसभा ठेवली होती आणि श्रद्धांजलीच्या बोर्डाचा मजकूर मी द्यायचा होता. दोन ओळी. तालमीच्या बोर्डांचे मजकूर मीच लिहायचो एके काळी. या खेपेला मला त्या दोन ओळी काही केल्या सुचेनात, आणि त्याचं कारण अकरा वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ होती.

चाचाची शिकवण सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही.

पहाटे मैदानावर तो गणवेशाच्या कापडाच्या तीन चिंध्या घेऊन यायचा. खाकी, निळी आणि पांढरी. खाकी गोलच्या जवळच्या खांबापाशी, निळी मधे, गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, हाताला येणार नाही इतकी पुढे, आणि पांढरी लांबच्या खांबाच्या किंचित बाहेर. प्रत्येकीवर एक दगड. कडेने चेंडू आणणाऱ्याने चिंधीवर चेंडू टाकायचा. आतल्याने तिथे पोहोचायचं. चिंधीवर जाऊन उभं राहायला सक्त मनाई.

"उभा राहिलास की बॅक तुझ्या शेजारी यून उभा राहतोय. मग चेंडू तुला, त्याला, दोघांला न्हाईतर कुणालाच न्हाय. लांब ऱ्हा. चेंडू निघाला की तू नीघ."

आणि मला सांगायचा, "माणसाला देऊ नगंस. जागंला दे. माणूस यील."

"नाही आला तर?"

"तर त्यो गाढव. तू न्हाईस."

बघायचं केव्हा, याबद्दल तो फार कडक होता. चेंडू पायात यायच्या आधी मान वर करून एकदा बघायचं: कोण कुठे आहे, गोली पुढे आलाय की मागे, वारं कुठलं आहे. वाऱ्यासाठी तो स्वतः बोटाला दोऱ्याचा तुकडा बांधून फिरायचा. पण चेंडू पायात आला की बघणं बंद. "माप आधी घ्यायचं. कात्री चालू झाली की वर बघायचं न्हाय. बघितलास की कापड वाकडं." चेंडू घेतल्यावर दोन टप्पे, म्हणजे पायाचे दोन स्पर्श, आणि ठोका. टप, टप, ठप. यापेक्षा जास्त वेळ घेतला की बचावाचे लोक जागेवर येतात, आणि मग कितीही सुंदर क्रॉस मारा, तो फुकट. तो हे डोळे मिटून मोजायचा. माझ्या पायाचा आवाज त्याला मशीनच्या टाक्यासारखा ओळखू यायचा. "आज डाव्या बुटाची नाडी सैल हाय तुझी," असं त्याने मला पाठमोरा असताना सांगितलं आहे, आणि ती होती.

पांढऱ्या चिंधीवर यायचा तो दिग्या. दिगंबर, पण तसं त्याची आईसुद्धा म्हणायची नाही. शाळेत आम्ही एका बाकावर. तो उंच, दांडगा आणि बोलका, मी हा असा. सहा हंगाम मी मान खाली घालून लांबच्या चिंधीवर चेंडू टाकला आणि सहा हंगाम तो बाहेरून धावत येऊन डोकं लावत राहिला. त्याचे गोल मीही फारसे पाहिलेले नाहीत. चेंडू मारल्यावर मान वर करेपर्यंत लोक उठलेले असायचे आणि दिग्या कोपऱ्याकडे पळत असायचा, माझ्याकडे बोट दाखवत.

सातव्या हंगामाआधी तो पलीकडच्या पेठेच्या तालमीकडे गेला. त्यांच्यापैकी एकाने त्याला आपल्या शोरूममध्ये कायमची नोकरी दिली. आमच्या कोल्हापुरात खेळाडूने पेठ सोडली की घरात सुतक असल्यासारखं होतं. नाक्यावर त्याच्याशी कुणी बोलेना. नव्या संघाची जर्सी त्याला खांद्यात सैल झाली, तर ती घेऊन हा बहाद्दर सरळ चाचाकडे आला. भर दुपारी, तालमीसमोर. चाचाने शिलाई उसवून खांदे आत घेतले. आमची पोरं दुकानासमोर जमली.

"चाचा, त्यांची जर्सी शिवताय?"

"खांदं त्याचंच हाईत न्हवं? माप माझ्याकडं हाय, मग दुसऱ्याकडं कशाला जाईल?"

मी त्या पोरांच्या मागे उभा होतो. दिग्या जाताना माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही. नोकरी मिळाली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटत होतं की तो मला न सांगता गेला. चाचाला सांगून गेला आणि मला नाही.

त्याच हंगामात उपांत्य सामन्यात आम्ही आणि ते समोरासमोर आले.

शेवटची चार-पाच मिनिटं राहिली होती आणि गोल शून्य-शून्य. आमचा जोर होता म्हणून त्यांनी सगळेच मागे ओढले होते. दिग्यासुद्धा वरून धावत स्वतःच्या गोलकडे बचावाला येत होता. उजव्या कडेला माझ्याकडे चेंडू आला. मी आधी बघून ठेवलं होतं: आमचे दोघे आत, दोघांच्याही अंगाला चिकटून बॅक. खाकी चिंधी बंद, निळी बंद. चेंडू घेतला. टप. टप. आणि मग मी सहा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मान वर केली.

दिग्या येत होता. लांबच्या खांबाच्या बाहेरून, तिरका, गोलकडे तोंड करून, थेट सरावातल्यासारखा. अंगावर जर्सी त्यांची. धाव मात्र आमच्या मैदानावरची. ते पाय मला पाठ होते.

मी पांढऱ्या चिंधीवर चेंडू टाकला. चिंधी तिथे नव्हती, पण आम्हा दोघांना ती कुठे आहे ते ठाऊक होतं.

तो आला. हवेत गेला, मान मागे घेतली आणि त्यांच्या गोलीच्या डाव्या हाताला, खाली, जाळीत चेंडू घातला. अतिशय सुंदर हेडर होता. जमिनीवर पाय टेकल्यावर तो सवयीने वळला, कोपऱ्याकडे दोन पावलं पळाला, माझ्याकडे बोट दाखवायला हात उचलला, आणि तसाच थांबला.

ते बोट अर्ध्यात थांबलेलं मला आजही दिसतं. त्यानंतर स्टेडियममध्ये जो आवाज झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. चाचा पाठमोरा होता.

दिग्याने सामना विकला असं त्यांच्या पेठेत त्याच संध्याकाळी ठरलं. चेंडू बारवरून घालवता आला असता, बाजूला घालवता आला असता. असा नेमका कोण घालतं? मग आनंदाने कोपऱ्याकडे पळाला, बोटसुद्धा दाखवायला निघाला होता. गोलमागून कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दोन दिवस सगळ्या शहरात फिरला. लोक तो थांबवून थांबवून बघत होते. त्या व्हिडिओत मी नाही. चेंडू चित्राच्या कडेतून आत येतो. तो कुठून आला, कुणी मारला, कसा मारला हे त्यात दिसत नाही.

आणि आमच्या पोरांनी त्यावर कळस केला. चौकात डिजिटल बोर्ड, म्हणजे छापील फ्लेक्स, लावायचा ठरवला, दिग्याच्या फोटोसकट. जाहीर आभार. आमच्याकडे वाढदिवसापासून दहावीच्या मार्कांपर्यंत कशाचाही बोर्ड लागतो, त्यामुळे कुणाला त्यात गैर वाटलं नाही. मजकुरासाठी ते माझ्याकडे आले. मी वहीच्या पानावर लिहून दिलं: "रंग बदलला तरी पाय आपलेच!"

पोरांना ओळ फार आवडली. मला उचलून नाचले.

बोर्ड लागला त्याच दिवशी दिग्याच्या दारावर कुणीतरी काळं ऑइल ओतलं. चार दिवसांत शोरूममधून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. आठवड्याच्या आत तो आईला घेऊन कागलला मामाकडे गेला आणि तिथेच एका फौंड्रीत लागला. फुटबॉल त्याने पुन्हा खेळला नाही. कागल काही परदेश नाही. अर्ध्या तासाचा रस्ता आहे.

बोर्ड लागल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता चाचा दुकानातून शिडी आणि कापड कापायची मोठी कात्री घेऊन चौकात आला. शिडीवर चढला आणि बोर्डाच्या मधोमध दिग्याचा फोटो कापायला लागला. खांद्यांच्या कडेने, कानाच्या वळणाने, टापटीप, जणू कॉलर कापतोय. कुणी त्याला अडवलं नाही. फोटो गुंडाळून त्याने काखेत मारला, मग दोऱ्या सोडून उरलेला बोर्डही उतरवला. पोरांना वाटलं जाळणार. त्याने तो नेऊन आपल्या दुकानासमोर बांबूला बांधला, उन्हाला आडोसा म्हणून. अक्षरं वरच्या अंगाला, मधे माणसाच्या आकाराचं भोक.

तो आडोसा अकरा वर्षं तिथे होता. रोज सकाळी महाविद्यालयात जाताना मी त्याच्याखालून जायचो. अक्षरं उडाली, पण "पाय आपलेच" एवढं शेवटपर्यंत वाचता येत होतं. दुपारच्या उन्हात त्या भोकातून डोकं आणि दोन खांदे एवढा उजेड आत मशीनवर पडायचा. तालमीने दोनदा नवीन कापड देऊ केलं.

"ऱ्हाऊ दे," चाचा म्हणायचा. "सुई दिसती त्याच्यानं."

मला त्याने त्या सामन्याबद्दल एकदाच विचारलं. मी जर्सीची उसवलेली शिलाई घालून घ्यायला गेलो होतो. तो मशीनवर होता, पाठ माझ्याकडे.

"दोन टप्पं आणि ठोका," तो म्हणाला. "परवा मधी एक श्वास जादा गेला."

"पाय घसरला, चाचा."

मशीन थांबलं. पाय पायट्यावर असताना मशीन थांबलेलं मी त्या दुकानात पहिल्यांदाच पाहिलं.

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा शिवायला लागला.

त्यानंतर मी जात राहिलो. चहा मिळायचा, फळीवरून सरकत यायचा, मी वेळेवर उचलायचो. दोन वर्षांनी मी खेळणं सोडलं आणि पोरांना शिकवायला मैदानावर येऊ का, असं विचारलं. तो म्हणाला, "ये की. पळव त्यास्नी. पण क्रॉस मी शिकवणार." एवढंच. मी नऊ वर्षं पहाटे जाऊन पोरांना मैदानाभोवती पळवलं आणि तीन चिंध्यांजवळ गेलो नाही.

या वर्षी तो आजारी पडला. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर पाय हलवत पडला होता. सून म्हणाली, झोपेतसुद्धा थांबत नाहीत. मी खुर्चीवर बसलो, उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत बसलो.

"बस की लेका एका जागी," तो म्हणाला. चाचाने हे म्हणावं याचं आम्हाला दोघांनाही हसू आलं. मग जरा वेळाने, डोळे मिटूनच, तो म्हणाला, "कागलला एसटी दर पंधरा मिन्टाला हाय."

"हो."

"मला वाटलं, तुला म्हाईत न्हाय."

चाचाच्या मातीला सगळी पेठ आली. पलीकडची पेठही आली. कबरीच्या त्या बाजूला दिग्या उभा होता. केस विरळ झाले होते, अंगावर फौंड्रीचा निळा शर्ट. त्याने मूठभर माती टाकली, मी टाकली. आमच्यात एका माणसाच्या लांबीचं अंतर होतं. मी बोललो नाही.

पंधरा-वीस दिवस मी कपाटांमधून फिरलो. तालमीतून रोज फोन. "सर, बोर्डाचं काय झालं? दोनच तर ओळी पायजेत." शेवटी एका शनिवारी मी महाविद्यालयातून निघालो आणि घरी न जाता कागलच्या एसटीत बसलो. बसलो म्हणजे दाराशी उभाच राहिलो.

फौंड्रीच्या फाटकासमोर चहाची गाडी होती. दिग्या सुट्टीत बाहेर आला, मला बघून त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. दोन चहा सांगितले.

"मातीला बोलला न्हाईस," तो म्हणाला.

"तू तरी कुठं बोललास?"

"मी कशाला बोलू?"

चहा आला. तो पिऊन झाला तर मी परत जाईन हे मला कळत होतं, म्हणून मी ग्लास खाली ठेवला.

"दिग्या, त्या सामन्यात चेंडू घेतल्यावर मी वर बघितलं होतं. तू येतोयस हे बघितलं आणि मारला. तू डोकं लावणार हे मला माहीत होतं. तुझ्यासाठीच मारला होता."

त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. कंपनीत आत कुठेतरी घण पडत होता.

"आणि बोर्डावरची कविता?"

"कविता नव्हती. ओळ होती."

"ओळ तर ओळ."

"तीही माझीच."

"वाटोळं केलंस भावा माझं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे मला तो सहन होईना. "आई दोन वर्सं कोल्हापुरात बाजाराला गेली न्हाय. लोक इचारतील म्हणून. माझं सोड. मी फुटबॉल टीव्हीवरसुद्धा बघत न्हाय. क्रॉस आला की मान हलती माझी. बायको हसती."

मी खाली ठेवलेला ग्लास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. 

"म्हाईत होतं मला," तो म्हणाला.

"काय?"

"तू बघून मारलास ते. हितं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा आलता. माझा फोटो गुंडाळून घेऊन आलता, बोर्डावरचा. म्हणाला, ठेव, चांगला आलाय. आन मग म्हणाला, त्यानं बघून मारलाय. पण तू त्याच्या दारात जायचं न्हाईस. त्याला इचारायचं न्हाईस. त्यो यील."

"अकरा वर्षं?"

"मला जन्मभर शिकवलं, चिंधीवर थांबायचं न्हाय. आन स्वतःच थांबवून गेला की मला," दिग्या म्हणाला. तो हसला की काय ते मला कळलं नाही. "मी म्हणलो, चाचा, आन त्यो न्हाईच आला तर?"

"काय म्हणाला?"

"काय म्हणतोय. पाठ फिरवली आन गेला एसटीकडं."

 आतून भोंगा झाला. त्याने दोन्ही ग्लास उचलून गाडीवर ठेवले.

"मला सांगून उपेग न्हाय," तो म्हणाला. "मला म्हाईतच होतं. उद्या सभा हाय न्हवं? तिथं सांग. दोन्ही पेठंच्या म्होरं."

"तू येशील?"

"तू सांग. मी आलो का न्हाय ते बघत बसू नगंस."

शोकसभा गल्लीतच होती, चाचाच्या दुकानासमोर. दुकान त्या दिवसापुरतं उघडलं होतं; मशीनवर त्याची कात्री, टेप आणि तीन चिंध्या मांडल्या होत्या. वर आडोसा तसाच. बोर्ड कोराच लागला होता, नुसता फोटो, कारण मी मजकूर दिलाच नव्हता. पलीकडच्या पेठेचे जुने खेळाडू मागे मोटारसायकलींवर बसले होते. आमच्या म्होरक्याने माइक माझ्या हातात दिला. "सर दोन शब्द बोलतील. सर चाचांचे लाडके."

मी मान खाली घातली. समोर कोण आहे, कोण नाही, हे माइक हातात यायच्या आधीच बघून घेतलं होतं. दिग्या दिसला नव्हता. आता वर बघायचं नव्हतं.

मी सांगितलं. सामना, मान वर केली ते, त्याच्या धावेवर चेंडू टाकला ते, बोर्डावरची ओळ. दिग्याने काही विकलं नव्हतं, जे शिकला होता ते केलं, आणि मी ते ओळखून त्याच्याकडून करवून घेतलं. चाचा पाठमोरा असूनही त्याला ते ऐकू आलं होतं आणि मी त्याच्याशी खोटं बोललो. पाच-सहा वाक्यांत झालं. अकरा वर्षं लागतील एवढं ते लांब नव्हतं.

 मग मोटारसायकलींवरून एक जाड आवाज आला, "आन आता सांगतोय व्हय रे?"  मी माइक खुर्चीवर ठेवला, लोकांकडे पाठ केली आणि तालमीच्या दाराकडे चालायला लागलो.

मागे कुणाच्या तरी जड पावलांनी दुकानाची पायरी चढल्याचा आवाज आला. मशीनवरून लोखंडी काहीतरी उचललं गेलं. मग कात्री चालली. एक दोरी, दुसरी दोरी, आणि वाळून कडक झालेला तो आडोसा धाडकन खाली आला.

मी वळलो नाही. कोण आहे ते कळलं होतं; ते पाय मला पाठ होते.